जनुक तेच बिघडलं, तरी गोळी तीच का चालत नाही?

ज्वारीची काढणी चालू होती, तेव्हा आतेभावाचा फोन आला. त्याच्या सासऱ्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघालाय. गाठीचा तुकडा तपासायला पाठवला होता, त्याचा रिपोर्ट आला. त्यात एक ओळ होती, 'ब्राफ व्ही ६००ई पॉझिटिव्ह'. घरातल्या शिकलेल्या पोरानं ती ओळ मोबाईलवर शोधली. तिथं सापडलं की या बिघाडावर गोळी आहे, आणि ती घेऊन कातडीच्या कॅन्सरच्या गाठी थोड्या आठवड्यांत विरघळल्यात. पण डॉक्टर ती एकटी गोळी लिहून द्यायला तयार नव्हते. घरात कुजबूज सुरू झाली. गोळी असताना सलाईन कशाला? एक एकर रान काढायचं आणि गोळी बाहेरून मागवायची, इथपर्यंत बोलणं गेलं होतं.

"तू पेपरात लिहितोस, कुणाला तरी विचार की," असं आतेभाऊ म्हणाला. मी विचारलं, वाचलं. डॉक्टर बरोबर होते. का बरोबर होते हे कळायला आपल्या शेतकऱ्याला फार वेळ लागू नये, म्हणून हा लेख.

उसातलं औषध, द्राक्षातलं औषध

उसात रुंद पानाचं तण माजलं की आपण टू-फोर-डी मारतो. गाजर गवत, माठ, वेली पिळवटून मरतात आणि ऊस तसाच उभा राहतो. तेच औषध वाऱ्यानं उडून शेजारच्या द्राक्षबागेवर गेलं तर पानं आकसतात, शेंडे वाकडे होतात आणि बांधावर भांडण लागतं. औषध एकच आणि पंपही एकच. ते काम करतं झाडाच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करून, आणि तसं संप्रेरक उसातही असतं आणि द्राक्षातही. पण ऊस गवताच्या जातीचा, तो हे पचवतो. द्राक्ष पचवत नाही.

शरीरातल्या पेशींचंही असंच आहे. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत जनुकांची तीच पोथी असते, साधारण वीस हजार जनुकांची. डोळ्याच्या पेशीत वेगळी आणि आतड्याच्या पेशीत वेगळी असं नसतं. पण प्रत्येक पेशी आपल्या कामापुरतीच पानं उघडते. उसाच्या एका कांडीत बघा, डोळ्यातून कोंब फुटतो, त्याच्या शेजारच्या ठिपक्यांतून मुळ्या सुटतात आणि मधल्या गरात साखर भरते. सगळीकडं पोथी तीच असते, प्रत्येकानं वाचलेलं पान तेवढं वेगळं.

कॅन्सर होतो तो या पोथीत झालेल्या चुकांमुळं. अक्षर बदलतं, ओळ गळते. पण सातबाऱ्यावरची चूक जशी वर्षानुवर्षं पडून राहते आणि पीककर्जाला गेल्यावरच कळते, तशीच पोथीतली चूक. ती कुठल्या पेशीत आहे आणि त्या पेशीची कुठली पानं उघडी आहेत, यावर तिचा परिणाम ठरतो. हे पूर्वीपासून माहीत होतं, पण औषधं थेट बिघडलेल्या जनुकावर निघायला लागल्यावर त्याचं महत्त्व फार वाढलं.

एकच चूक, चार घरं

आतेभावाच्या सासऱ्यांच्या रिपोर्टमधलं ब्राफ हेच उदाहरण घेऊ. पेशीला "वाढ" असा निरोप बाहेरून येतो आणि आत एकाकडून दुसऱ्याकडं जातो. ब्राफ हा त्या साखळीतला एक निरोप्या. व्ही ६००ई म्हणजे त्याच्या ६००व्या जागेवरचा एक घटक बदललेला. तेवढ्यानं तो अडून बसतो आणि कुणी न सांगताच "वाढ, वाढ" असं ओरडत राहतो. कॅन्सरमध्ये ब्राफ असा बिघडतो हे २००२ मध्ये इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं.

आता गंमत बघा. आपल्या अंगावर जे साधे तीळ असतात, त्यातल्या बहुतेकांत हीच चूक सापडते. तीळ थोडा वाढतो आणि थांबतो, आयुष्यभर तिथंच बसतो. मेलॅनोमा नावाच्या कातडीच्या जहाल कॅन्सरमध्येही बऱ्याचदा हीच चूक असते. रक्ताच्या एका दुर्मीळ कॅन्सरमध्ये, ज्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली केसाळ दिसतात, त्यात तर जवळपास प्रत्येक रुग्णात ही सापडते. आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये ती थोड्याच रुग्णांत असते, पण असली की आजार चिवट असतो. अक्षर एकच चुकलंय. एका जागी त्याचा निरुपद्रवी तीळ होतो आणि दुसऱ्या जागी माणूस जातो.

अडून बसलेल्या ब्राफचं तोंड बंद करणारी व्हेमुराफेनिब नावाची गोळी २०११ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. मेलॅनोमाच्या साधारण निम्म्या रुग्णांच्या गाठी तिनं लहान झाल्या. पोरानं मोबाईलवर पाहिलं ते हेच, आणि ते खोटं नव्हतं. मग डॉक्टरांनी तीच गोळी आतड्याच्या कॅन्सरच्या २१ रुग्णांना देऊन बघितली. गाठ लक्षणीय लहान झाली फक्त एकाची.

असं का झालं, त्याचं उत्तर २०१२ मध्ये नेदरलँडच्या शास्त्रज्ञांनी शोधलं. पाटाच्या पाण्याचं उदाहरण घ्या. तुम्ही एक दार बंद केलं. दुसरा पाटच नसेल तर रान वाळतं. पण शेजारून दुसरा पाट येत असेल तर पाणी त्यातून घुसतं आणि रान भिजतंच. आतड्याच्या पेशींत ईजीएफआर नावाचा दुसरा पाट मोठा असतो. ब्राफचं दार बंद झालं की तो आपोआप जोरात वाहू लागतो आणि गाठ वाढतच राहते. कातडीच्या रंगपेशींत हा पाट जेमतेम असतो, म्हणून तिथं एक दार बंद करून भागतं.

म्हणून आतड्याच्या कॅन्सरमध्ये दोन्ही दारं एकदम बंद करायची, असं ठरलं. एन्कोराफेनिब ही ब्राफवरची गोळी आणि सेटुक्सिमॅब हे ईजीएफआरवरचं शिरेतून द्यायचं औषध, अशी जोडी वापरून बघितली. त्या मोठ्या चाचणीचे निकाल २०१९ मध्ये आले. रुग्ण जास्त दिवस जगले, आणि २०२० मध्ये अमेरिकेत या जोडीला मंजुरी मिळाली. घरचे ज्या सलाईनवर चिडले होते, त्यात हाच दुसरा पाट बंद करणारा भाग होता. हे आधी कुणी नीट समजावून सांगितलं असतं तर कुजबूज झाली नसती, पण ओपीडीत शंभर माणसांची रांग असताना ते होत नाही, हेही खरं.

कोवळं आणि नीबर

एक प्रश्न तरी राहतोच. तीळही कातडीच्या रंगपेशींचा आणि मेलॅनोमाही त्याच पेशींचा. मग एक थांबतो आणि एक का थांबत नाही? न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये यावर काम छापलं. त्यांनी माणसाच्या मूळ पेशींपासून रंगपेशी तयार होण्याचे वेगवेगळे टप्पे प्रयोगशाळेत वाढवले आणि प्रत्येक टप्प्यावर तीच ब्राफची चूक घातली. कोवळ्या टप्प्यातल्या पेशींच्या गाठी झाल्या. पूर्ण तयार झालेल्या, आपल्या भाषेत नीबर झालेल्या, रंगपेशींच्या झाल्या नाहीत. कोवळ्या पेशींची बरीच पानं अजून उघडी असतात, नीबर पेशीनं ती मिटून ठेवलेली असतात. म्हणजे पेशी कुठली एवढंच नाही, ती कुठल्या वयात आहे यानंही फरक पडतो.

त्याच संस्थेतून २०२२ मध्ये आणखी एक काम आलं, ते आपल्याकडच्या लोकांनी जरूर वाचावं असं. मेलॅनोमा म्हटलं की गोऱ्या लोकांचा, उन्हानं होणारा कॅन्सर, अशी समजूत आहे. पण सावळ्या कातडीच्या लोकांत तो झाला तर बऱ्याचदा तळपाय, तळहात नाहीतर नखाखाली होतो, जिथं ऊन लागतच नाही. त्याचा जनुकांचा बिघाडही वेगळा असतो. क्रक्ल नावाचं जनुक या तळपायाच्या मेलॅनोमात बऱ्याचदा जास्तीचं असतं. शास्त्रज्ञांनी ते झेब्रा जातीच्या छोट्या माशांच्या रंगपेशींत घातलं, तर गाठी अंगापेक्षा परांवर जास्त आल्या. माशाचे पर म्हणजे आपले हातपाय. हातापायाच्या टोकाच्या पेशींना "तू टोकाला आहेस" हे सांगणारी जनुकं असतात, आणि क्रक्लची चूक त्यांच्याशी हातमिळवणी करते. पेशीची जात तीच, पण रानाच्या कुठल्या कोपऱ्यात ती आहे, त्यानंही फरक पडला.

आपण चिखलात, ढेकळांत अनवाणी हिंडणारी माणसं. तळपायाला काळा डाग दिसला तर काटा मोडलाय म्हणतो, नखाखाली काळं दिसलं तर ठेच लागून रक्त साकळलं म्हणतो. बहुतेक वेळा तसंच असतं. पण डाग महिनोन्महिने जात नसेल, पसरत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील किंवा मधूनच रक्त येत असेल, तर सुईनं कोरत बसू नका. चर्मरोगाच्या डॉक्टरला दाखवा.

बार्शीनं मोजलं

हे सगळं न्यूयॉर्क-नेदरलँडचं झालं. पण पेशीच्या जागेनं कॅन्सर ठरतो याचा मोठा पुरावा आपल्या जिल्ह्याच्या कडेवरच आहे, आणि त्यात गावोगावच्या बायकांचा हात आहे.

बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं त्यात होती. त्याआधी कॅन्सरचे आकडे मुंबई, चेन्नई, बेंगळुरूसारख्या शहरांतूनच यायचे. खेड्यात कुणाला काय होतंय हे कुणी मोजतच नव्हतं. नोंदणीच्या माणसांनी गावात जाऊन, लोकांना लक्षणं सांगून, संशय असेल त्याला बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात आणून ही नोंद केली. बायकांमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर आघाडीवर निघाला.

हा कॅन्सर एचपीव्ही या विषाणूमुळं होतो. विषाणू पेशीत आपली दोन जनुकं चालू करतो. एक पी-५३ या पहारेकऱ्याला संपवतं आणि दुसरं आरबी नावाच्या ब्रेकला निकामी करतं. आता हा विषाणू काही एकाच जागी बसत नाही. योनीमार्गात, बाहेरच्या कातडीवर, पुरुषांच्या अंगावरही तो असतो. तिथंही कधीमधी कॅन्सर करतो, पण फार कमी. गर्भाशयाच्या मुखावर मात्र एक अरुंद पट्टा असतो, जिथं आतल्या नाजूक पेशी संपतात आणि बाहेरच्या थराथरांच्या पेशी सुरू होतात. दोन रानांच्या मधला बांधच म्हणा. तिथल्या पेशी कायम एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलत असतात. या मुखाचे बहुतेक कॅन्सर त्या बांधावरच उगवतात.

म्हणूनच तर तपासणी सोपी झाली. बांध कुठं आहे ते माहीत असलं की तिथंच बघायचं. बार्शीचं हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ४९७ गावांत मोठी चाचणी केली. ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायका त्यात होत्या. गावांचे गट पाडले. काही गावांत एचपीव्हीची तपासणी, काहींत पेशींची काचेवरची तपासणी, काहींत ॲसिटिक ॲसिड लावून नजरेनं तपासणी, आणि काहींत फक्त माहिती आणि नेहमीचे उपचार. निकाल २००९ मध्ये अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. एचपीव्ही तपासणीच्या गटातल्या सुमारे ३४ हजार बायकांत या कॅन्सरनं ३४ मृत्यू झाले, आणि तपासणी न झालेल्या गटातल्या साधारण ३१ हजारांत ६४. एकाच तपासणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

जगभरात पुढं एचपीव्ही तपासणीचं धोरण ठरवताना या आकड्यांचा आधार घेतला गेला. परंड्याची ओळख आपण किल्ल्यामुळं सांगतो, ही ओळख फारशी कुणी सांगत नाही. आता या विषाणूवर लस आहे, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनंही ती बनवली आहे. वयात येण्याच्या आधी मुलीला दिली तर सगळ्यात चांगलं काम करते. आणि तिशी ओलांडलेल्या बाईनं, काही त्रास नसला तरी, एकदा तपासून घ्यावं. लाजेचं कारण सांगून पुढं ढकललेल्या तपासण्या मी गावात खूप पाहिल्यात.

मोबाईलच्या फोटोतला पांढरा डोळा

वर आरबी ब्रेकचं नाव आलं. ते जनुक सापडलं मुळात लहान पोरांच्या डोळ्याच्या कॅन्सरमुळं. काही मुलं आरबीची एक प्रत बिघडलेलीच घेऊन जन्मतात. म्हणजे अंगातल्या प्रत्येक पेशीत चूक आहे. तरीही कॅन्सर होतो तो मुख्यतः डोळ्याच्या पडद्याला, आणि तोही साधारण पाच वर्षांच्या आत. मोठं झाल्यावर अशा मुलांना हाडाच्या कॅन्सरचा धोका जास्त असतो, पण यकृत, आतडं, मूत्रपिंड बहुधा शाबूत राहतं. डोळ्याच्या पडद्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी तयार होताना आरबीच्या ब्रेकवरच सगळी भिस्त ठेवतात. इतर अवयवांत दुसरे ब्रेक मदतीला असतात.

हे सांगण्याचं कारण, आपल्या हातात मोबाईल आहे. फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत लेकराच्या एका बुबुळात लाल किंवा काळ्याऐवजी पांढरट चमक परत परत दिसत असेल, तर नजर लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळून थांबू नका. त्याच आठवड्यात डोळ्याच्या डॉक्टरकडं न्या. लवकर सापडलं तर जीव वाचतो, बऱ्याचदा डोळाही वाचतो.

"खानदानी" म्हणण्याआधी

शेवटची गोष्ट लग्नाच्या बाजारातली आहे, म्हणून जपून सांगतो. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही दोन जनुकं पेशीतल्या डीएनएची तुटफूट दुरुस्त करतात. ती बिघडलेली आईकडून येऊ शकतात तशी बापाकडूनही. सगळ्या पेशींत बिघाड असतो, पण कॅन्सर होतो तो मुख्यतः स्तनाला आणि अंडाशयाला. पुरुषांत बीआरसीए-२ मुळं प्रोस्टेटचा धोका वाढतो. दोघांतही स्वादुपिंडाचा थोडा वाढतो. हा बिघाड असलेल्या बाईला स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता, ८० वर्षांपर्यंतचं आयुष्य धरलं तर, ७० टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे ज्यांना हा बिघाड आहे त्यातल्याही काहींना कधीच काही होत नाही. आणि स्तनाचे बहुतेक कॅन्सर या बिघाडाशिवायच होतात. एका घरात एका बाईला गाठ आली म्हणून सगळ्या लेकींवर शिक्का मारणं अडाणीपणा आहे.

या बिघाडावरही गोळ्या आहेत, ओलापारिब त्यातली एक. आणि इथंही तोच घोळ होतो. २०१९ मध्ये १७ हजारांहून जास्त रुग्णांच्या गाठी तपासून एक अभ्यास छापला गेला. स्तन, अंडाशय, प्रोस्टेट आणि स्वादुपिंड या गाठींत बीआरसीएचा बिघाड खरोखर कॅन्सरचं मूळ होता आणि तिथं अशा गोळ्यांचा उपयोग दिसला. इतर अवयवांच्या गाठींत तोच बिघाड बहुतेक वेळा नुसता योगायोगानं बरोबर आलेला होता. रानात तण दिसलं म्हणून पीक त्यानंच मेलं असं नसतं, तसं.

आपल्या गुटखा-तंबाखूच्या तोंडाच्या कॅन्सरचंही थोडक्यात सांगतो. रास नावाची तीन भावंडं जनुकं आहेत, एकाच कामाची. स्वादुपिंडाच्या दहातल्या नऊ गाठींत के-रास बिघडतं, कातडीच्या मेलॅनोमात एन-रास. गाल आणि हिरडीच्या कॅन्सरचा अभ्यास खारघरचं ॲक्ट्रेक आणि बंगालमधल्या कल्याणीची जनुकशास्त्र संस्था यांनी २०१३ मध्ये छापला, त्यात बिघडलेल्या जनुकांच्या यादीत आलं एच-रास. तीन भाऊ, तिघांनी तीन शिवारं वाटून घेतलेली. त्यामुळं "रासवर औषध निघालं" अशी बातमी आली की आधी विचारायचं, कुठल्या रासवर आणि कुठल्या अवयवासाठी?

आतेभावाला मी हेच सांगितलं. रिपोर्ट घेऊन परत डॉक्टरांकडं जा आणि एवढंच विचार, "या बिघाडावरचं औषध आतड्याच्या कॅन्सरमध्ये सिद्ध झालंय का, का दुसऱ्या अवयवात?" तो गेला. डॉक्टरांनी कागदावर दोन पाट काढून दाखवले म्हणे, माझ्यासारखेच. रान विकलं नाही. सासऱ्यांना जोडीचं औषध चालू आहे, दोन महिन्यांनी झालेल्या स्कॅनमध्ये गाठ वाढलेली नाही. पुढचा स्कॅन पेरणीच्या आधी आहे.